सात जणींच्या पंचेचाळीस हजार झाल्या तेव्हा

लिज्जत पापडाचं पाकीट आपल्यापैकी बहुतेकींच्या फडताळात असतं. आयत्या वेळी पाहुणे आले, भाजी कमी पडली, की चार पापड भाजायचे आणि ताट भरल्यासारखं दिसतं. पापड लाटणाऱ्या त्या बायकांची जिद्द, त्यांनी उभा केलेला पैसा, ह्यांवर आपण पुष्कळ वाचलेलं आहे. मला मात्र त्या गोष्टीत नेहमी वेगळंच कुतूहल वाटत आलंय. सात बायका एका गच्चीवर बसून काम करत होत्या, तेव्हा त्यांचं एकमेकींशी जे वागणं होतं, त्याचं पुढे काय झालं? आज त्या सुमारे पंचेचाळीस हजार आहेत. एवढ्या जणी झाल्यावर कोण कुणाला ओळखणार, कोण कुणाचं ऐकणार?

आपल्या घरातली माणसं मोठ्या कंपन्यांतून, कचेऱ्यांतून काम करतात. ‘पूर्वीसारखं राहिलं नाही हो’ हे वाक्य आपण आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. म्हणून ह्या पापडवाल्यांची गोष्ट जरा नीट पाहू या.

१५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन जमनादास पोपट त्यांतल्याच एक. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. ते दिले छगनलाल पारेख ह्या समाजसेवकांनी. त्यांना सगळ्या छगनबाप्पा म्हणत. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. पहिल्या अख्ख्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. फुटके पापड शेजारीपाजारी वाटून टाकत.

ती गच्ची डोळ्यांपुढे आणा. सात पोळपाट, सात लाटणी. एकीचा पापड जाड झाला तर शेजारची मान वळवून बघणार, ‘अगं, पातळ लाट की जरा’ म्हणणार. एकीचं मूल आजारी असेल तर सगळ्यांना ते सकाळीच कळलेलं असणार. अशा ठिकाणी नियम लागत नाहीत, कारण डोळे असतात. घरात आपण चौघी जावाजावा मिळून कुरडया घालतो तेव्हा कुठे वहीत लिहितो, की कुणी किती चीक घोटला?

तरी दोन-तीन गोष्टी छगनबाप्पांनी सुरुवातीलाच पक्क्या करून घेतल्या, आणि त्यांच्या शहाणपणाचं मला फार कौतुक वाटतं. ह्या बायका आधी दोन प्रकारचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांनी सांगितलं, एकच करा आणि त्याचा दर्जा कधी उतरू देऊ नका. दुसरं, हिशेब चोख ठेवा. हा धंदा आहे, धर्मादाय नव्हे. आणि तोटा आला तरी कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही, हे तर बायकांनी पहिल्यापासूनच ठरवलं होतं.

तीन महिन्यांत सात जणींच्या पंचवीस झाल्या. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह! ही युक्ती कुठल्या इंजिनियराला सुचली असती का, सांगा. दुसऱ्या वर्षाअखेर शंभर-दीडशे जणी, तिसऱ्या वर्षी तीनशेच्या वर. आणि मग गच्ची पुरेना.

तेव्हा जो निर्णय झाला, तो माझ्या मते ह्या संस्थेच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा. पीठ केंद्रावर भिजवायचं, मळायचं, आणि उंडा बहिणींनी घरी न्यायचा. घरी लाटायचं, वाळवायचं, आणि दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड केंद्रावर आणून वजन करून द्यायचे. लाटणावळीला तिथे ‘वणाई’ म्हणतात.

जागेचा प्रश्न सुटला. पण एकत्र बसणं संपलं. शेजारी बसून ‘पातळ लाट’ म्हणणारी आता नाही. तिच्या जागी आला वजनाचा काटा. घरी लाटताना स्वच्छता आहे की नाही हे बघायला पाहणी करणाऱ्या बहिणी अचानक घरी येऊ लागल्या. पापड वाळवायला घरात पुरेशी स्वच्छ जागा हवी, असा दंडक आला. विचार करा, एका खोलीत सहा माणसांचा संसार, त्यात कुणी तरी येऊन आपला ओटा बघून जाणार! मला तर सासूबाईंनी डबे उघडून पाहिले तरी अवघडल्यासारखं होतं. पण दुसऱ्या बाजूनं बघितलं, तर तो पापड अनोळखी माणसाच्या ताटात जाणार आहे. त्याला लाटणारीचा ओटा दिसत नाही. त्याच्या वतीनं कुणी तरी तो बघायलाच हवा. ज्यांच्या घरी जागाच नाही, त्यांना परत न पाठवता केंद्रावर पीठ मळण्याचं, पापड पाकिटांत भरण्याचं काम देतात, हे मात्र मुद्दाम सांगायला हवं. नियम कडक ठेवला, पण ज्यांना तो पाळणं शक्य नाही त्यांच्यासाठी दुसरं दार उघडं ठेवलं.

असे नियम एकेक करून वाढत गेले. सुरुवातीला लहान मुलीही येत. पुढे अठरा वर्षांची अट घातली. १९६२ साली पापडाला नाव हवं म्हणून स्पर्धा घेतली. धीरजबेन रूपारेल ह्यांनी सुचवलेलं ‘लिज्जत’ हे नाव निवडलं गेलं, आणि त्यांना पाच रुपये बक्षीस मिळालं. त्या वर्षाची विक्री १ लाख ८२ हजार. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली, घटना लिहिली गेली, खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. सगळंच यशस्वी झालं असंही नाही. १९६१ साली मालाडला शाखा काढली होती, ती चालली नाही. महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा १९६८ साली गुजरातेत वालोडला निघाली, ती मात्र रुजली. पुढे मसाले आले, खाकरा आला, कपडे धुण्याची पावडर आली. आगपेट्या आणि उदबत्त्यांनी फारसा जम धरला नाही.

एवढा पसारा वाढल्यावर कुठलीही संस्था काय करते? मालक वर जाऊन बसतो, मधे साहेबांच्या पायऱ्या तयार होतात, आणि काम करणारं माणूस हजेरीपटावरचा आकडा होतं. इथे ती एक गोष्ट अडवली गेली, ती कशी हे मला महत्त्वाचं वाटतं. पापड लाटणारी इथे नोकर नसून मालकीण आहे. शपथ घेऊन सभासद झालेली प्रत्येक बाई नफ्यातोट्याची वाटेकरी होते, आणि शाखेचा नफा शाखेतल्याच बहिणींत वाटला जातो. कधी पैशांत, कधी सोन्यात. पुरुषांना सभासद होता येत नाही. ते ड्रायव्हर, हिशेबनीस म्हणून पगारावर असतात. शाखेची प्रमुख, म्हणजे संचालिका, ह्याच बहिणींतून येते. कालपर्यंत पीठ मळणारी उद्या संचालिका होऊ शकते. कारभार पाहणाऱ्या मंडळात एकवीस जणी आहेत, आणि निर्णय एकमतानं व्हायचे अशी पद्धत आहे. एकीनं नकार दिला तरी गोष्ट अडते. एकमेकींना हाक मारायची ती ‘बहन’ म्हणून.

आणि लाटायला यंत्र आणलं नाही. आणलं असतं तर पापड स्वस्तात पडला असता, पण मग पंचेचाळीस हजार लाटणी कुणाच्या हातांत राहिली असती?

काही जणी म्हणतील, हे सगळं कागदावर गोड दिसतं. मलाही तशी शंका येते. पंचेचाळीस हजारांतली एक बाई, सकाळी बारा घरच्या कामांतून वेळ काढून उंडा घेऊन येणारी, ती मंडळापुढे उभी राहून ‘मला हे पटत नाही’ असं खरोखर म्हणत असेल का? नियमानं दिलेला हक्क आणि तो वापरण्याचं धैर्य ह्यांत केवढं तरी अंतर असतं. गच्चीवर हक्क नव्हता, पण नुसतं मान वर करून बोलता येत होतं. ‘बहन’ हा शब्द सात जणींत सहज तोंडी येतो. हजारोंत तो शिकवावा लागतो, शपथेत घालावा लागतो. पण संस्थेनं तो शिकवायचा कंटाळा केला नाही. बहिणींसाठी ‘लिज्जत पत्रिका’ निघते, ती मराठीतही असते. १९९९ साली गिरगावात त्यांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले. ज्या बाईला हिशेबाची वही वाचता येते, तिचा नकाराचा हक्क थोडा तरी खरा होतो.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा किंवा बायकांचा नाही बरं का. लिज्जतच्या आधी एकच वर्ष, १९५८ साली, अमेरिकेत डेलावेअर राज्यात बिल गोअर आणि त्यांच्या पत्नी व्हिव्ह ह्यांनी आपल्या घराच्या तळघरात एक धंदा सुरू केला. पावसात न भिजणारं ‘गोअर-टेक्स’ कापड पुढे त्यांच्याच कंपनीनं काढलं. कंपनी वाढली, आणि एक दिवस कारखान्यातून फिरताना गोअरसाहेबांच्या लक्षात आलं, की समोरून येणाऱ्या सगळ्यांनाच काही आपण ओळखत नाही. त्यांनी काय करावं? एका ठिकाणी साधारण दीडशे-दोनशे माणसांच्या वर गेलं, की कारखाना मोठा करायच्या ऐवजी वेगळा नवा काढायचा, असं ठरवलं. पुढे १९९२ साली रॉबिन डनबार ह्या इंग्रज शास्त्रज्ञानं मांडलं, की माणसाला खऱ्या ओळखीची नाती सुमारे दीडशेच सांभाळता येतात. आपल्या लग्नाची यादी करताना ‘ह्यांना बोलवायलाच हवं’ अशी नावं मोजा. आकडा फार लांब जात नाही. लिज्जतच्या शाखा-शाखांनी चालण्याचं मर्मही मला ह्यातच दिसतं. पंचेचाळीस हजार हा आकडा मुंबईच्या कागदावर. एका केंद्रावर रोज उंडा न्यायला येणाऱ्या बायका एकमेकींची तोंडं ओळखतात.

आता आपल्या घराकडे वळते. आमचे ‘हे’ ज्या कारखान्यात आहेत त्याचं नाव घेत नाही, कारण अशी गोष्ट कुठल्याही औद्योगिक वसाहतीत घडते. हे लागले तेव्हा तिथे चाळीस-पंचेचाळीस माणसं होती. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असे, आम्ही सगळ्या मुलाबाळांसकट जायचो. मालक स्वतः पेढे द्यायचे, आणि मुलांना नावानं हाक मारायचे. ह्यांचे वडील अत्यवस्थ झाले तेव्हा रात्री मालकांची जीप दाराशी आली होती. आज तिथे आठशे माणसं आहेत. पूजा अजून होते. ती मांडायला बाहेरची माणसं येतात, आणि घरच्यांना पास काढावा लागतो. गेल्या वर्षी सासूबाईंचं ऑपरेशन होतं. ह्यांनी रजेचा अर्ज कॉम्प्युटरवर भरला. दुसऱ्या शहरात बसलेल्या कुणीतरी तो परत पाठवला, की कारण दिलेल्या यादीत बसत नाही. हे दोन दिवस घरात कुणाशी नीट बोलले नाहीत. रजा शेवटी मिळाली. पण ‘मी इथे तेरा वर्षं आहे’ हे कुणाला सांगायचं, तेच त्यांना कळेना.

मीही तेव्हा ह्यांच्याइतकीच चिडले होते. शांतपणे विचार केला तेव्हा मात्र जीपची दुसरी बाजू आठवली. ती जीप आमच्या दाराशी आली, कारण ह्यांचं काम मालकांच्या नजरेत भरलं होतं. गोदामातल्या एका काकांच्या बायकोला कळा सुरू झाल्या त्या रात्री जीप आली नव्हती. उचल मिळायची ती मालकांच्या मर्जीवर. आणि चाळीस माणसांत हिशेब लिहिणाऱ्या ज्या दोन मुली होत्या, त्यांच्यासाठी वेगळं संडासघरसुद्धा नव्हतं. त्या बिचाऱ्या दिवसभर पाणी पीत नसत. ‘घरच्यासारखं’ वातावरण म्हणतात ना, त्यात घरातल्या बायकांचे हालही घरच्यासारखेच असतात!

म्हणून आपण बायकांनी तरी नियमांना सरसकट नाकं मुरडू नयेत. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती हवी, हे २०१३ च्या कायद्यानं आलं. पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवडे भरपगारी रजा आणि पन्नास किंवा अधिक माणसं असतील तिथे पाळणाघर, हे २०१७ पासून. मालक किती का प्रेमळ असेना, सहा महिन्यांची भरपगारी रजा त्यानं आपणहून दिली असती, असं मला वाटत नाही. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. चोवीस मुलींचा वर्ग असतो तेव्हा हजेरी न घेता कळतं कोण आलं नाही ते. बासष्टांच्या वर्गात हजेरी घ्यावीच लागते. नाही घेतली, तर मागच्या बाकावरची गप्प मुलगी चार दिवस आली नाही तरी कुणाला पत्ता लागत नाही. हजेरी नुसती घेऊन वही मिटायची, की ‘ती का आली नाही’ हे विचारायचं, हे बाईंवर आहे.

हे सारं आपल्याही कामाचं आहे, कारण आपल्यापैकी कितीतरी जणी आता बचत गट, पोळीभाजी केंद्र, मसाल्यांचा घरगुती उद्योग असं काही ना काही चालवतात. आमच्या गल्लीत दिवाळीच्या फराळाचं काम पाच जणींनी सुरू केलं, ह्या वर्षी त्या एकोणीस झाल्या. भांडण लागलं ते चकलीवरून. एकीची चकली तीन वेढ्यांची, दुसरीची पाच. गिऱ्हाईक म्हणालं, एकाच पिशवीत दोन घरच्या चकल्या दिसतात. पाच जणी असताना हे हसण्यावारी गेलं असतं. आता मात्र ‘माझ्या हाताला नावं ठेवते’ इथपर्यंत गेलं, आणि एक चांगली सुगरण रुसून बसली.

दहा माणसांची आमटी अंदाजानं होते, शंभरांची मापानंच करावी लागते. तेव्हा सात-आठ जणींच्या वर गेलात, की मापं लिहून काढा: भाजणी किती, मोहन किती, नग किती ग्रॅमचा. पण ती मापं सगळ्या जणी एकत्र बसून ठरवा. दोघी हुशार जणींनी ठरवून बाकीच्यांना सांगितली, की तिथेच साहेब आणि कामगार तयार होतात. हिशेबाची वही कपाटात कुलुपात न ठेवता कामाच्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा मोठ्यानं वाचा. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी तरी. तपासणीचं काम आळीपाळीनं द्या. आज माझी चकली जी मोजते, तिची पुढच्या आठवड्यात मी मोजणार आहे, हे माहीत असलं की बोलण्याची धार आपोआप कमी होते. पैसे ज्या दिवशी माल येईल त्याच दिवशी द्यायचे, की आठवड्यानं, हे आधीच ठरवा. लिज्जतमध्ये पापड जमा केले की वणाई हातात पडायची, अशी वर्षानुवर्षं पद्धत होती, आणि बायकांचा विश्वास बसायला ती फार उपयोगी पडली असणार. आणि वीस-पंचवीस झालात की दोन गट करा. एकच मोठा गट मिरवायला बरा वाटतो खरा.

आमच्या गल्लीतल्या त्या रुसलेल्या सुगरणीकडे शेवटी सगळ्या जणी मिळून गेल्या. ‘चार वेढे’ असं ठरलं, आणि चकली मोजायचं पहिल्या आठवड्याचं काम तिलाच दिलं. तिनं पहिल्याच दिवशी अकरा चकल्या बाजूला काढल्या. त्यांत तिच्या स्वतःच्या तीन होत्या.